श्वानाचें रक्त आणि माणसाचें ज्ञान

पावसाळा सरत आला कीं पुण्यांतील एखाद्या घरीं असा प्रसंग येतो. काल संध्याकाळपर्यंत जिन्यावर पाऊल वाजतांच दाराकडे धांवणारा कुत्रा आज जागचा उठत नाहीं. पुढें ठेवलेलें अन्न तसेंच राहतें. ओठ वर करून पाहावें तर हिरड्या पांढऱ्याफटक पडलेल्या, डोळ्यांत पिवळी झांक आलेली आणि लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा गडद झालेला. पशुवैद्य रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेतात, त्यांत मिठाच्या पाण्याचा थेंब मिसळतात आणि पट्टी हलवून पाहतात. थेंब सारखा पसरत नाहीं. त्यांत बारीक लाल रवे दिसूं लागतात. मग घरच्या मंडळींना सांगितलें जातें तें असें : बाहेरच्या कोणा शत्रूनें नव्हे, तर कुत्र्याच्या शरीरांतील रक्षकांनींच त्याच्या तांबड्या रक्तपेशींवर हत्यार उगारलें आहे.

हें ऐकून घरांतील माणसें गोंधळून जातात, आणि त्यांत नवल नाहीं. शरीर स्वतःचा नाश करील ही कल्पना एके काळीं युरोपांतील थोर शास्त्रज्ञांनाहि पटत नव्हती. ती पटण्यास काय काय घडावें लागलें, त्याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. आणि त्याचा एक लहानसा पण महत्त्वाचा दुवा खुद्द पुण्यांत आहे.

महाराष्ट्राला श्वानाचें प्रेम नवें नाहीं. जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा आहे, दत्तात्रेयाच्या पायांशीं चार श्वान आहेत, आणि कुत्र्याला टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास नकार देणारा युधिष्ठिर तर घरोघरीं ठाऊक आहे. परंतु प्रेम असलें म्हणजे उपाय सांपडतोच असें नाहीं. रक्त म्हणजे काय, तें बिघडतें कसें, हें कळेपर्यंत आजारी जनावराजवळ बसून राहण्यापलीकडे मायेच्या माणसालाहि फारसें कांहीं करतां येत नव्हतें.

रक्ताच्या शास्त्राचा आरंभच मुळीं कुत्र्यापासून झाला. १६६५ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथें रिचर्ड लोअर या वैद्यानें रक्तस्रावानें मरणोन्मुख झालेल्या एका कुत्र्याच्या शिरेंत दुसऱ्या कुत्र्याचें रक्त सोडलें, आणि तो कुत्रा पुन्हा उठून उभा राहिला. १६६७ सालीं पॅरिसमध्यें झां देनी यानें कोंकराचें रक्त माणसांना दिलें. पण पुढें एक रोगी दगावला आणि फ्रान्समध्यें या प्रयोगांवर बंदी आली. एका प्राण्याचें रक्त एकाला मानवतें व दुसऱ्याचा घात करतें, याचें कारण कळावयास विसाव्या शतकाचा उदय व्हावा लागला.

मध्यंतरीं हिंदुस्थानांत दुसऱ्या दिशेनें शोध चालू झाला होता. १८८० सालीं डेरा इस्माइलखान येथें ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला ‘सर्रा’ नांवाच्या रोगानें झिजणाऱ्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत वळवळणारे सूक्ष्म जीव दिसले. हा रोग कुत्र्यांनाहि होतो. रक्तांत वाढणारा जीव रक्ताचा नाश करूं शकतो, ही गोष्ट त्या काळीं सहजासहजीं कोणी मान्य करीत नसे.

अशा रोगांचा पद्धतशीर अभ्यास व्हावा म्हणून १८८९ सालीं पुण्यास इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. मुळा-मुठेच्या संगमाजवळच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें, म्हणजे आज ज्याला अभियांत्रिकी विद्यापीठाचें रूप आलें आहे त्याच जुन्या संस्थेंत, तिचें काम सुरू झालें. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे प्रमुख. जनावरांच्या सांथींचा आणि विशेषतः सर्रा रोगाचा त्यांनीं येथें अभ्यास केला. परंतु भयंकर सांसर्गिक रोगांचे जंतू गजबजलेल्या शहराजवळ बाळगणें धोक्याचें, म्हणून १८९३ सालीं ही प्रयोगशाळा कुमाऊंच्या पहाडांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. पुणेंकरांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असेल कीं त्या मोठ्या वृक्षाचें रोप प्रथम संगमाच्या कांठीं लागलें.

मुंबई इलाख्यांत त्याच सुमारास पशुसेवेचीहि व्यवस्था होत होती. परळ येथें सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वानें बाई साकरबाईंच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय उभें राहिलें, आणि १८८६ सालीं मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. जनावराला दुखणें होतें आणि तें बरें करण्याचें शास्त्र शिकावें लागतें, ही जाणीव या संस्थांनीं समाजांत रुजविली.

यानंतरचा धडा गोचिडाचा. १८९३ सालीं अमेरिकेंत स्मिथ व किलबोर्न यांनीं दाखवून दिलें कीं गुरांच्या रक्तांतील एक घातक परजीवी गोचिडांच्या द्वारें पसरतो. कुत्र्यांतील त्याच जातीच्या परजीवीचा गोचिडांतील जीवनक्रम क्रिस्टोफर्स यांनीं १९०७ सालीं हिंदुस्थानांत वर्णिला. आणि १९१० सालीं मद्रास येथें पॅटन यांना शिकारी कुत्र्यांच्या व एका कोल्ह्याच्या रक्तांत त्याचीच एक निराळी, आकारानें लहान जात आढळली. ‘बाबेसिया गिब्सोनी’ या नांवानें ती आज जगभर ओळखली जाते. हा परजीवी तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या फोडतो. पण त्याची करणी एवढ्यावर थांबत नाहीं. त्याच्या शोधांत निघालेले शरीराचे रक्षक पुष्कळदां बाधित व निरोगी पेशींत भेद करीतनासे होतात आणि सरसकट कत्तल आरंभितात. म्हणूनच पुण्यासारख्या शहरांत अशा कुत्र्याच्या दुखण्याचें मूळ शोधतांना पशुवैद्य प्रथम गोचिडांची चौकशी करतात.

पण रक्षक चुकतात तरी कसे? १९०१ च्या सुमारास पॉल एर्लिख यांनीं असें प्रतिपादिलें कीं शरीर स्वतःविरुद्ध शस्त्र धरण्यास जणूं भितें. निसर्गानेंच तशी योजना केली आहे. त्यांच्या शब्दाचें वजन फार मोठें होतें. तरीहि तीनच वर्षांनीं, १९०४ सालीं, व्हिएन्ना येथें डोनाथ व लांडस्टायनर यांनीं थंडी लागतांच तांबडी लघवी होणाऱ्या रोग्यांचें रक्त तपासलें आणि त्यांच्या रक्तद्रवांत स्वतःच्याच पेशी फोडणारें द्रव्य आहे असें दाखविलें. माणसाचे रक्तगट शोधणारे लांडस्टायनर ते हेच. पुरावा समोर होता. पण जुन्या मताच्या दबावामुळें त्याचें पूर्ण महत्त्व ओळखण्यास कित्येक वर्षें जावीं लागलीं.

त्या पुराव्याला रोजच्या तपासणीचें रूप दिलें तें रॉबिन कूम्ब्स यांनीं. १९४५ सालीं केंब्रिज येथें मूरंट व रेस यांच्या सहकार्यानें त्यांनीं जी परीक्षा सिद्ध केली, तिनें तांबड्या पेशींना चिकटून बसलेलीं अदृश्य प्रतिद्रव्यें उघडकीस येऊं लागलीं. मौज अशी कीं कूम्ब्स यांचें मूळ शिक्षण एडिंबरोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत झालेलें. ज्या परीक्षेनें असंख्य मानवी बालकांचे प्राण वांचविण्यास साह्य केलें ती एका पशुवैद्याच्या बुद्धींतून निघाली, आणि कुत्र्याच्या रक्ताला अनुरूप असा फेरफार करून तीच आज श्वानांच्या सेवेसहि रुजू आहे.

निदान झालें, पण औषध कोठें होतें? तेंहि लवकरच आलें. १९४९ सालीं फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कॉर्टिसोनचा सांधेदुखीवरील गुण जाहीर केला; पुढील वर्षीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोलोन हें त्याहून सोईचें औषध वापरांत आलें, आणि माथेफिरू रक्षकांना आवरणारा लगाम वैद्यांच्या हातीं आला. याच काळांत, १९५२ सालीं, मुंबईच्या डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘बाँबे’ रक्तगटाचा शोध प्रसिद्ध केला. रक्त देण्यापूर्वीं तें जुळवून पाहणें किती अगत्याचें आहे, हें या दुर्मिळ गटानें पुन्हा पटविलें. कुत्र्यांतहि रक्तगट असतात. पहिल्या वेळीं दिलेलें परकें रक्त कुत्र्याचें शरीर बहुधा सोसतें. दुसऱ्या वेळीं मात्र तें सावध झालेलें असतें, म्हणून जुळवणी केल्यावांचून रक्त देणें धोक्याचें ठरतें.

हा सारा इतिहास आज त्या पुण्यांतील घरीं, एका लहानशा गोळीच्या व एका वहीच्या रूपानें येऊन पोंचतो. निरोगी कुत्र्याची तांबडी पेशी सुमारें शंभर ते एकशेंवीस दिवस जगते; या रोगांत ती कांहीं दिवसांतच नष्ट होते आणि अस्थिमज्जेला नवी भरती करण्यास चार-पांच दिवसांची उसंत लागते. म्हणून पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण. या काळांत केवळ रक्त कमी झाल्यामुळेंच नव्हे, तर रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसांत अडकल्यामुळेंहि मृत्यू ओढवतो. त्यासाठीं पशुवैद्य गुठळ्या न होण्याचें औषधहि जोडून देतात. श्वास अकस्मात् जलद झाला तर सकाळची वाट पाहावयाची नसते.

औषध सुरू झालें कीं कुत्र्याला तहान व भूक अतोनात लागते. तो रात्रीं दोन-तीनदां बाहेर नेण्याचा हट्ट धरतो, क्वचित् घरांतच लघवी करतो. हा त्याचा खोडसाळपणा नव्हे, औषधाचा परिणाम होय. हिरड्यांना रंग आला, शेपूट हलूं लागली, म्हणजे पुष्कळ घरांत गोळी थांबविण्याचा मोह होतो. तो फार महाग पडतो. मात्रा महिनोन्‌महिने, पुनःपुन्हा रक्त तपासून, पायरीपायरीनें उतरवावी लागते. एकदम थांबविली तर रोग उलटतो आणि शरीराची स्वतःची तें द्रव्य निर्माण करण्याची शक्तीहि झोंपी गेलेली असते. माणसांसाठीं असलेल्या दुखणें थांबविण्याच्या गोळ्या तर कधींहि देऊं नयेत. या औषधाच्या जोडीनें त्या पोटांत व्रण करतात.

आणखी एक गोष्ट मराठी स्वयंपाकघरानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. उरलेले कांदेपोहे, रश्श्यांतील भाकरी, लसणाची फोडणी दिलेली आमटी प्रेमानें कुत्र्यापुढें ठेवण्याची रीत घरोघरीं आहे. परंतु कांदा व लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशींना इजा करतात, मग ते शिजविलेले असोत वा कच्चे. निरोगी कुत्र्यालाहि ते वर्ज्य. मग ज्याच्या रक्ताचा एकेक कण मोलाचा झाला आहे त्याला तर शत्रूच. तसेंच गोचीड केवळ अंगावर राहत नाहीं. तपकिरी गोचीड भिंतींच्या फटींत, दाराच्या चौकटींत आणि अंथरुणाच्या घड्यांत अंडीं घालतो. कुत्रा स्वच्छ केला आणि घर तसेंच ठेवलें, तर अर्धेंच काम झालें.

इतकें करूनहि सर्वच कुत्रे वांचत नाहींत, हें घरच्यांस आरंभींच सांगितलेलें बरें. कोठें खर्च झेपत नाहीं, कोठें रोग ऐकत नाहीं, आणि कोठें तरी यातना थांबविण्याचा निर्णय डोळे पुसून घ्यावा लागतो. असा निर्णय घेणाऱ्यांनीं माया कमी केली असें कोणी म्हणूं नये. पण जीं कुत्रीं तो पहिला पंधरवडा ओलांडतात त्यांतील पुष्कळ पुढें वर्षांनुवर्षें सुखानें नांदतात; आणि त्यामागें औषधाइतकाच, रोज ठरल्या वेळीं हिरड्या पाहून वहींत नोंद करणाऱ्या कोणा आजोबांचा किंवा शाळकरी मुलीचा हात असतो.

ऑक्सफर्डच्या त्या कुत्र्याला आपल्यावर काय उपकार झाले हें कळलें नाहीं, आणि माणसावर आपण काय उपकार केले हेंहि कळलें नाहीं. गेल्या साडेतीनशें वर्षांत रक्ताविषयीं माणूस जें शिकला त्यांतील बरेंचसें कुत्र्यांच्या, घोड्यांच्या व गुरांच्या देहांवर शिकला. तेव्हां पुण्याच्या एखाद्या घरीं मध्यरात्रीं कोणी उठून आजारी कुत्र्याच्या तोंडांत गोळी घालतो आणि त्याचा श्वास मोजीत बसतो, तेव्हां त्या जुन्या ऋणांतील एक लहानसा हप्ता फेडला जात असतो.