नव्या राजवाड्याची फेरी आणि सरांचा प्रश्न

आपण आठवीत होतो. १९७८ च्या हिवाळ्यात आपली सहल एस.टी.ने कोल्हापूरला गेली होती. अंबाबाईचे दर्शन, रंकाळा आणि शेवटी नवा राजवाडा. राजवाड्याच्या आवारात झाडाखाली बसून आपण चपाती-चटणीचे डबे सोडले, तेव्हा इतिहासाच्या सरांनी प्रश्न टाकला होता, ‘‘हा वाडा कुणाचा, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण याचा आपल्या शिरोळशी काय संबंध, ते सांगा.’’ सगळ्यांचे लक्ष डब्यात. कोणी बोलले नाही. सर हसून म्हणाले, ‘‘राहू दे, सावकाश सांगा.’’

आपण फारच सावकाश घेतले. मेळाव्याच्या तयारीच्या निमित्ताने गेल्या फेब्रुवारीत आम्ही नऊ जण पुन्हा तिथे गेलो, तेव्हा कुणाला तरी तो प्रश्न आठवला.

कसबा बावड्याच्या रस्त्याला लागले की डाव्या-उजव्या बाजूची शहरी गडबड मागे पडते आणि राजवाड्याचे आवार सुरू होते. फेरी अगदी सोपी. चढ नाही, उतार नाही. गुडघे दुखणाऱ्यांनीही घाबरू नये. मोठी झाडे, बाग, तळे, जाळीपलीकडे हरणे, आणि या सगळ्याच्या मधोमध काळ्या घडीव दगडाची ती इमारत, मधल्या अष्टकोनी मनोऱ्यावर घड्याळ. खाली संग्रहालय, वर आजही छत्रपती घराण्याचे वास्तव्य.

या वास्तूचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्याच्याच आराखड्याचे. काम १८७७ ला सुरू झाले, १८८४ ला संपले; खर्च सुमारे सात लाख रुपये. मँटने विलायती थाट आणला खरा, पण कमानी, खांब, छत्र्या यांत इथल्या देवळांची आणि जुन्या वाड्यांची घडण मिसळली. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवरायांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. सहलीत आपण त्या काचांखाली माना वर करून उभे होतो.

तेव्हा न कळलेली गोष्ट अशी, की वाड्याचे काम सुरू झाले त्या साली दख्खनवर भयंकर दुष्काळ होता. आणि वाडा उभा राहत असताना गादीवरचे चौथे शिवाजी महाराज कोल्हापुरात नव्हते. वेडाचे कारण सांगून इंग्रजांनी त्यांना अहमदनगरला ठेवले होते. २५ डिसेंबर १८८३ रोजी गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत ते तिथेच वारले. वयाची विशीसुद्धा सरली नसलेला राजा. चिरे चढत होते आणि धनी परमुलुखात होता.

पुढच्या मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातला दहा वर्षांचाही न झालेला मुलगा दत्तक आला. १८९४ साली त्याने कारभार हाती घेतला. तेच राजर्षी शाहू महाराज.

तळ्याकाठच्या सावलीत आम्ही टेकलो. गप्पा सहलीवर आल्या आणि आमच्यातला एक जण, शेवटच्या बाकावरचा, हळूच म्हणाला, ‘‘मी कुठं आलो होतो सहलीला?’’

आम्ही गप्प. आमच्या सगळ्यांच्या आठवणीत तो होता, एस.टी.तली त्याची गाणीसुद्धा आम्हाला आठवत होती. तो म्हणाला, ‘‘ती गाणी दुसऱ्या कुणाची तरी असतील. वर्गणीचे पैसे नव्हते. घरी सांगितलं ताप आहे, शाळेत सांगितलं शेतात काम आहे. दिवसभर नदीवर बसून होतो.’’

सेहेचाळीस वर्षे एका वर्गातले म्हणवून घेतो आम्ही. आणि हे कुणाला माहीत नव्हते.

तिथून उठलो तेव्हा सरांच्या प्रश्नाचे उत्तर मला सापडू लागले. या आवारात राहणाऱ्या राजाला नेमके हेच ठाऊक होते, की पैशावाचून पोर मागे राहते. म्हणून १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक विद्यार्थी वसतिगृहे निघाली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य, सगळ्यांसाठी. २६ जुलै १९०२ चा मागासलेल्या वर्गांना निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम, १९१७ चा सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. आपल्या कुरुंदवाडात जन्मलेले अण्णासाहेब लठ्ठे याच कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगशी जोडले गेले आणि पुढे त्यांनीच महाराजांचे चरित्र लिहिले. तिथेच राहून शिकलेल्या कुंभोजच्या भाऊराव पाटलांनी पुढे ‘रयत’ उभी केली.

आणखी जवळचे पाहा. जयसिंगपूर ही महाराजांनी वसवलेली पेठ, जन्मदात्या वडिलांच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावाची. पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशा सरळ आखलेल्या रस्त्यांवरून आपण बाजाराला गेलो, पण हे नाव कुणाचे, असे कधी विचारले नाही.

आणि पाणी. १९०७ साली महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायचे ठरवले. गावाला लेकीचे नाव दिले, राधानगरी. जलाशयाला राणीसाहेबांचे, लक्ष्मी तलाव. धरण पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. ती भोगावती पंचगंगेला मिळते आणि पंचगंगा आपल्या नृसिंहवाडीला कृष्णेला. आपल्या उसाच्या मुळाशी हे पाणी आहे. २००५ आणि २०१९ च्या पुरात राधानगरीचे सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडले, याकडे जीव मुठीत धरून कान लावणारे आपणच. संबंध विचारताय सर? दरसाल उंबऱ्यापर्यंत येतो तो.

राजवाड्याच्या आवाराला कुंपण आहे. इतिहासाला नाही. त्याचा एक धागा आपल्या शाळेच्या हजेरीपटापर्यंत आलेला होता आणि तरी आमचा एक दोस्त कुंपणाबाहेर राहिला होता. कायदा झाला म्हणून काम संपत नाही. शेजारच्या बाकाकडे कुणीतरी बघावे लागते. आम्ही बघितले नव्हते.

संग्रहालयाच्या खिडकीशी आम्ही खिशात हात घातले, तर तो पुढे झालेला. नऊ जणांची तिकिटे त्याने काढली. कुणीतरी पैसे द्यायला गेला, तेव्हा म्हणाला, ‘‘राहू दे रं. माझी सहल हाय ही.’’

या मेळाव्याच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला ठेवून, शाळेतल्या एकाही मुलाची सहल पैशासाठी चुकू नये, अशी सोय करावी, असे आम्हा नऊ जणांना वाटते. बाकीच्यांनी मेळाव्यात बोलावे.

सर, उत्तर द्यायला उशीर झाला. वहीत लाल शेरा मारलात तरी चालेल.