वास, डबी आणि वीर्यातलं भांडण

मधमाश्यांच्या राणीला दिवस जातात कसे? सतराव्या शतकात डच संशोधक स्वामरडॅमनं तर्क लढवला, की नरांच्या नुसत्या वासानंच काम भागत असावं! पोळ्यात मीलन कुणी पाहिलंच नव्हतं ना.

जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरनं हे तपासायचं ठरवलं. गंमत म्हणजे ह्यूबर आंधळा. बघायचं काम त्याचा नोकर बर्नेन्स करी. त्यांनी पोळ्यात नर ठेवले, पण बारीक भोकांच्या डबीत कोंडून. वास बाहेर येई, नर नाही. राणी वांझच राहिली. १७८८ मध्ये मोकळी सोडलेली राणी मात्र उडून परतली ती मीलनाच्या खुणा अंगावर घेऊनच.

पण राणी तरुणपणीच्या मोजक्या उड्डाणांत डझनभर नरांशी जुगते, पुन्हा कधीच नाही. नर जागीच मरतात, त्यांचे शुक्राणू तिच्या पोटातल्या पिशवीत वर्षानुवर्षं जगतात. मग भांडण कुणाचं? ज्यॉफ पार्करनं १९७० मध्ये शुक्राणूंच्या स्पर्धेची कल्पना मांडली होती. २०१० मध्ये डेन बोअर, बेअर आणि बूम्समा यांनी एकाचे शुक्राणू दुसऱ्याच्या वीर्यद्रवात ठेवून पाहिले. मधमाश्या आणि पानं कापणाऱ्या मुंग्या, दोन्हींत परका द्रव शुक्राणूंना मारक ठरला. मुंग्यांत तर राणीच्या पिशवीतला द्रव ही मारामारी थोपवतो. साहजिकच आहे, तो साठा तिला जन्मभर पुरवायचाय!

ह्यूबरनं नरापासून वास वेगळा काढला, यांनी शुक्राणूपासून द्रव. आपण ज्याला डिबगिंग म्हणतो, ते हेच की!