अर्धवट सुटलेला अभ्यासक्रम : सत्यजित राय आणि शांतिनिकेतन

१/
सत्यजित राय यांना शांतिनिकेतनात जायचेच नव्हते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकलेल्या या तरुणाला ओढ होती ती हॉलिवूडच्या चित्रपटांची आणि पाश्चात्त्य संगीताची. आईच्या आग्रहाखातर १९४० साली ते कलाभवनात दाखल झाले.

२/
तेथे नंदलाल बोस आणि विनोदबिहारी मुखर्जी हे गुरू लाभले. विद्यार्थिदशेतच त्यांनी अजिंठा-वेरूळची लेणी पाहिली. भारतीय कलेचे भान आले ते या काळात. आपण चित्रकार होणार नाही, हेही तिथेच उमगले. (असा लाभ गुणपत्रिकेत नोंदवला जात नाही!)

३/
डिसेंबर १९४२ मध्ये अभ्यासक्रम अपुरा सोडून ते परतले. पुढच्याच वर्षी डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरात कंपनीत दरमहा ८० रुपयांवर रुजू झाले. सिग्नेट प्रेसची मुखपृष्ठे करता करता ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांच्याकडे आली. १९५५ च्या चित्रपटाचे बीज त्या चित्रांत आहे. अर्थशास्त्र मात्र फारसे कामी आलेले दिसत नाही.

४/
१९७२ मध्ये राय यांनी विनोदबिहारींवर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. गुरूंची दृष्टी तोवर पूर्णपणे गेली होती. कलानिर्मिती थांबली नव्हती.