सात खेळांची एक बेरीज

ॲथलेटिक्सच्या मोठ्या स्पर्धेत सगळ्यांचे डोळे शंभर मीटरच्या शर्यतीवर असतात. नीरज चोप्रामुळे आता भालाफेकही घरोघरी पाहिली जाते. त्याच मैदानावर दोन दिवस काही खेळाडू सकाळी अडथळे ओलांडतात, मग उंच उडी मारतात, गोळा फेकतात आणि संध्याकाळी पुन्हा धावायला उभ्या राहतात. कॅमेरा त्यांच्याकडे अधूनमधून वळतो. हेप्टॅथलॉनकडे आपले लक्ष गेले नसेल तर त्यात वाचकांचा दोष नाही. हा खेळ एका नजरेत मावत नाही आणि त्याचा निकाल अंतिम रेषेवर नव्हे, तक्त्यात लागतो. तो तक्ता वाचण्याची गोडी लागावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

पहिल्या दिवशी १०० मीटर अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि २०० मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक आणि ८०० मीटर. प्रत्येक वेळेचे किंवा अंतराचे ठरावीक सूत्राने गुण होतात आणि सातांची बेरीज सर्वांत मोठी जिची, ती विजेती. एखाद्या प्रकारात पहिले येण्याला वेगळी किंमत नाही. ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी १९६४ ते १९८० पाचच प्रकारांची स्पर्धा होती. २०० मीटर आणि भालाफेक वाढून १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला सात झाले. तिथेच ऑस्ट्रेलियाच्या ग्लिनिस नन हिने अमेरिकेच्या जॅकी जॉयनरला अवघ्या पाच गुणांनी हरवले. चार वर्षांनी सोलला त्याच जॅकीने ७२९१ गुण केले. तो विश्वविक्रम तिच्या नंतरच्या पिढ्यांनाही मोडता आलेला नाही.

आपल्या वाचकांनी सुरुवात मात्र जवळच्या उदाहरणाने करावी. जलपायगुडीच्या स्वप्ना बर्मनने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. या खेळात भारताचे ते पहिलेच. तेव्हाच्या बातम्या तुम्हाला आठवत असतील: रिक्षा ओढणाऱ्या वडिलांची मुलगी, दोन्ही पायांना सहा-सहा बोटे, दुखऱ्या दाढेमुळे गालावर चिकटवलेली पट्टी. यातले काहीच खोटे नाही. पुढच्या बाजूला रुंद असलेल्या पायांना बाजारातले स्पाइक्स टोचत, आणि पदकानंतर आदिदासने तिच्या मापाचे बूट करून दिले, हेही खरे. पण या बातम्या वाचून ती जिंकली कशी, हे कळत नाही. माझ्या मते तिची खरी गोष्ट सात आकड्यांत आहे.

ते आकडे असे. अडथळे १३.९८ सेकंदांत, ९८१ गुण. उंच उडी १.८२ मीटर, १००३ गुण. गोळा १२.६९ मीटर, ७०७. दोनशे मीटर २६.०८ सेकंदांत, ७९०. लांब उडी ६.०५ मीटर, ८६५. भाला ५०.६३ मीटर, ८७२. आठशे मीटर २ मिनिटे २१.१३ सेकंदांत, ८०८. बेरीज ६०२६. वाचकांनी इथे घाई करू नये. हवी तर बेरीज स्वतः करून पाहावी. मग लक्षात येईल की निव्वळ वेगात ही मुलगी फार पुढे नाही. तिचे भांडवल उंच उडीत आहे, आणि जिथे बहुतेक उडी मारणाऱ्या मुली अडखळतात त्या भालाफेकीतही ती श्रीमंत आहे. सूत्राच्या गमती तर निराळ्याच. तिच्या पातळीवर अडथळ्यांच्या शर्यतीतला सेकंदाचा दहावा भाग म्हणजे ८०० मीटरमधला जवळजवळ एक सेकंद. उंच उडीत आडवी काठी आणखी तीन सेंटीमीटर वर पार झाली तर ३८ गुण. चीनच्या वांग चिंगलिंगपेक्षा स्वप्ना ७२ गुणांनी पुढे राहिली, हे यावरून तोलून पाहा.

अशा खेळाडूची कारकीर्द आखणे हे दुर्बळ विषय ओळखण्याचे काम आहे, आणि ते वाटते तितके सरळ नाही. गोळा लांब जावा म्हणून कमावलेले वजन उंच उडीत अंगावर येते. भाला फेकून खांदा दुखला की अडथळ्यांचा सरावही बिघडतो. त्यामुळे नावाजलेल्या खेळाडूही वर्षाकाठी मोजक्याच हेप्टॅथलॉन खेळतात आणि एक दुखापत सबंध हंगाम गिळते. म्हणून स्वप्नाची २०१७ च्या भुवनेश्वर आशियाई अजिंक्यपद स्पर्धेतले सुवर्ण, २०१९ चे दोहातले रौप्य आणि २०२३ चे बँकॉकमधले रौप्य ही रांग मला एका जकार्तापेक्षा अधिक बोलकी वाटते.

तिच्याआधीच्या दोघींना विसरू नये. सोमा बिस्वास आणि जे. जे. शोभा यांनी बुसान २००२ आणि दोहा २००६ या दोन्ही आशियाई स्पर्धांत अनुक्रमे रौप्य आणि कांस्य मिळवले. धारवाडकडच्या शोभाचे २००४ मधले ६२११ गुण स्वप्नाच्या जकार्तातल्या बेरजेहून बरेच अधिक आहेत. त्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये भालाफेकीत शोभाचा घोटा दुखावला. ती पट्टी बांधून ८०० मीटर धावली आणि ६१७२ गुणांसह अकरावी आली. आशियातले सुवर्ण ६०२६ ला आणि ऑलिम्पिकमधले अकरावे स्थान ६१७२ ला! कौतुक करताना हे प्रमाण डोळ्यांसमोर असलेले बरे. त्याने कुणाचेही यश लहान होत नाही.

आता एक तक्ता तुमच्यावर सोपवतो. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तेलंगणच्या नंदिनी अगसराला ५७१२ गुणांवर कांस्य मिळाले आणि स्वप्ना ५७०८ वर चौथी राहिली. पाच गुण जास्त मिळायला गोळा सात-आठ सेंटीमीटर पुढे पडला असता किंवा ८०० मीटरची धाव अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाने लवकर संपली असती तरी पुरे होते. दोघींचे सातही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि कोणत्या प्रकारात कोण पुढे गेली ते शोधा. उंच उडीपासून सुरुवात केलीत तर सोपे जाईल.