राजेश्वर : एकशे नऊ तास आणि पुढे

१३ सप्टेंबर १९४८, पहाटे ४. सोलापूरकडून भारतीय सैन्य हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरतं. दप्तरात नाव ‘पोलीस कारवाई’, पुढे मात्र रणगाडे. शस्त्रसंधीला १०९ तास उरलेत.

सकाळी ९. बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आलाय. चिलखती गाड्या नळदुर्ग ओलांडून जळकोटात.

दुपारी सव्वातीन. उमरगा. ६१ किलोमीटर आत.

१४ सप्टेंबर. आता राजेश्वर. सडकेलगत दबा धरून बसलेले मोर्चे विमानांतून टिपले गेलेत. मग टेंपेस्ट विमानं येतात, वाट भाजून काढतात. दुपारी राजेश्वर लष्कराच्या ताब्यात. उरले सुमारे ७४ तास.

समोर होतं कोण? निजामाची पलटण आणि रझाकार. रझाकार म्हणजे स्वयंसेवक. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाकेला आलेले. पुष्कळांच्या हाती भाले, जंबिये, ठासणीच्या बंदुका. प्राचीन ग्रीसचा होप्लाइटही असाच गावचा माणूस, शेती सांभाळून पदरच्या पैशानं ढाल-भाला घेणारा. त्याच्या गोल ढालीची डावी बाजू शेजाऱ्याला झाकायची. रांग टिकली तोवर माणसं कमी मरत; ती फुटून पाठी फिरल्या की खरी कापाकापी. रझाकारांनी शेजाऱ्याची ढाल कधीच टाकली होती. त्याच वर्षी मे महिन्यात याच मुलखातल्या गोरट्यात त्यांनी हत्याकांड केलं. त्याचा राग गावोगाव धुमसत होता.

१६ सप्टेंबर, पहाट. झहीराबादच्या वाटेवर पेरलेले सुरुंग. चाल मंदावते.

१७ सप्टेंबर, पहाट. बीदर पडतं.

सायंकाळी ५. निजाम शस्त्रसंधी जाहीर करतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ४ वाजता त्याचा सेनापती एल इद्रूस भारतीय सैन्याच्या जनरल चौधरींपुढे शरण येतो.

घटनाक्रम इथंच संपवायची आपली रीत. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं, आणि तो आनंद खोटा नाही. पण रणगाडे सडकेनं पुढे गेले तेव्हा आतल्या खेड्यांत जुना अंमल उठला होता, नवा बसायचा होता. धुमसणाऱ्या रागाचा सूड उगवताना रझाकार कोण आणि नुसता मुसलमान शेजारी कोण, हे पाहायला कुणी थांबलं नाही. लुटीत आणि हत्येत काही ठिकाणी गणवेशातली माणसंही होती.

नोव्हेंबर-डिसेंबर. नेहरूंनी पाठवलेली पंडित सुंदरलाल समिती हिंडते आहे. तिचा अंदाज : कारवाईत आणि नंतर मिळून २७ ते ४० हजार मृत्यू. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या चार जिल्ह्यांना; तिथं १८ हजारांहून कमी नाहीत. अहवाल पुढे कित्येक दशकं दडपून ठेवला गेला. त्यात विहिरींबद्दलही लिहिलंय. एका विहिरीत सदस्यांनी प्रेतं मोजली. अकरा भरली. त्यांत एक बाई होती, छातीशी तान्हं मूल.