हरिपूरची हळदीची पेवे

सातारा-सांगली भागातील नदीकाठच्या वारशाचा विचार निघाला की वाई व माहुली येथील घाटांकडे प्रथम लक्ष जाते. परंतु कृष्णाकाठ हा व्यापाराचाही काठ होता. सांगलीलगत कृष्णा-वारणा संगमावर वसलेल्या हरिपुरात हळद साठविली जाई ती भूमिगत पेवांत. तोंडाशी अरुंद, आत रुंद व खोल अशी ही कोठारे होत. तेथील घट्ट मातीमुळे हळद त्यांत वर्षानुवर्षे टिके. बंद पेवातील हवा घातक असल्यामुळे तोंड उघडल्यावर काही काळ जाऊ देऊन मगच हमाल आत उतरत.

2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरून मालाची मोठी हानी झाली व व्यापाऱ्यांचा ओढा गोदामांकडे वळला. 2019 चा पूर तर त्याहूनही मोठा ठरला. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकन लाभले खरे, पण त्याने संरक्षण मिळते ते नावास, स्थळास नव्हे.

लंडनच्या सेंट कॅथरिन गोद्या 1968 मध्ये बंद पडल्या, तरी तेथील आयव्हरी हाऊस ही वखार उभी होती. म्हणून तिची निवासस्थाने करता आली. पेव ही मुळात पोकळीच. ती बुजविली की वर खूणही राहत नाही. हरिपूर हे नाटककार देवलांचे गाव म्हणून स्मरणात आहे, संगमेश्वरामुळेही आहे. हमालांच्या श्रमांना असा आधार नाही. काठाची नवी आखणी करताना पेवांच्या जागा नकाशावर नोंदविणे आणि त्यांत उतरलेल्यांकडून भरणीची रीत लिहून घेणे, ही कामे आधी व्हावयास हवीत. त्यांतील दुसरे अधिक निकडीचे आहे.