किमान शिल्लक दंड

बचत खात्यात बँकेने ठरवून दिलेली सरासरी रक्कम न राहिल्यास खातेदाराकडून कापले जाणारे शुल्क. महिन्यातल्या प्रत्येक दिवसअखेरची शिल्लक एकत्र करून दिवसांच्या संख्येने भागली की मासिक सरासरी निघते. त्यामुळे तीस दिवसांच्या महिन्यात दहा दिवस 6,000 रुपये आणि उरलेले वीस दिवस शून्य असले तरी 2,000 ची अट पुरी होते, आणि महिनाभर इमानाने 1,900 रुपये राखणारा दंडाला पात्र ठरतो. हा हिशेब पासबुकात कुठेच दिसत नाही. दिसते ती फक्त कापलेली रक्कम आणि तिच्यावरचा 18 टक्के वस्तू व सेवा कर. साहजिकच बहुतेक तक्रारी ‘दंड फार आहे’ अशा शब्दांत केल्या जातात, आणि तिथेच त्या लंगड्या पडतात. किमान शिल्लक किती ठेवायची हे ठरवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने प्रत्येक बँकेला दिली आहे, आणि 2021 च्या एकात्मिक लोकपाल योजनेने बँकेचे व्यापारी निर्णय लोकपालाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. मात्र दंड कसा लावायचा, ही बाब बँकेच्या मर्जीवर सोडलेली नाही.

रिझर्व्ह बँकेच्या 20 नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकाने (अंमल 1 एप्रिल 2015 पासून) चार गोष्टी घालून दिल्या. शिल्लक घटल्याचे खातेदाराला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचे. ती भरून काढायला निदान एक महिना द्यायचा. दंड तुटीच्या प्रमाणात आकारायचा. आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होऊ द्यायचे नाही. समजा, अट 2,000 ची आहे, सरासरी 1,400 भरली आणि बँकेचा दर तुटीच्या 6 टक्के आहे. मग दंड 36 रुपये, करासह 42 रुपये 48 पैसे. तुटीचा विचार न करता सरसकट ठरावीक रक्कम कापली असेल, किंवा सूचनेशिवाय पहिल्याच महिन्यात कापली असेल, तर प्रश्न व्यापारी निर्णयाचा राहत नाही, नियमभंगाचा होतो. तक्रारअर्जात ‘सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने पाठवली आणि तूट किती धरली’ एवढेच विचारले, तरी उत्तराचा भार बँकेवर जातो.

बँकांची बाजू अगदीच पोकळ नाही. खाते चालवायला खर्च येतो, आणि तो कोणीतरी सोसायचाच. पण खर्च सर्व खात्यांचा आणि वसुली ज्यांच्याकडे पैसे कमी पडले त्यांच्याकडून, हे कसे? भारतीय स्टेट बँकेने 2017 च्या एप्रिल ते नोव्हेंबर या काळात या मार्गाने सुमारे 1,772 कोटी रुपये मिळवले. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतल्या तिच्या नफ्याहून ही रक्कम मोठी होती. पुढे मार्च 2020 मध्ये तिने हा दंडच रद्द केला आणि बँक बुडाली नाही. 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल यांसारख्या सरकारी बँकाही त्याच वाटेने गेल्या. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2014 च्या पतधोरणात तर दंडाऐवजी अशा खात्याच्या सेवा मूलभूत बचत खात्याइतक्या मर्यादित करा, शिल्लक वाढली की पूर्ववत करा, असा सरळ पर्याय सुचवला होता. नोव्हेंबरच्या परिपत्रकात तो मागे पडला, ही खेदाचीच बाब.

‘परवडत नसेल तर खाते बंद करा’ हा दुसरा युक्तिवाद. नोकरी सुटल्यावर पगार येणे थांबते आणि शून्य शिल्लकीचे पगार खाते काही महिन्यांनी साधे बचत खाते बनते. खातेदाराला ते ठाऊक नसते. बंद करायला तो शाखेत जातो, तेव्हा ‘आधी थकलेले चार्जेस भरा’ असे ऐकावे लागते. खाते उणे न करण्याच्या नियमाचा हेतू पाहता ही मागणी टिकणारी नाही. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय ठरते, आणि 1 एप्रिल 2024 पासून अशा खात्यावर किमान शिल्लकीचा दंड लावता येत नाही, ते पुन्हा सुरू करण्यासाठी शुल्कही घेता येत नाही. ज्याला बँक बदलायची नाही, त्याला मूलभूत बचत खाते मागता येते. तिथे किमान शिल्लकीची अटच नाही. खाते बंद करायचे तर लेखी अर्ज द्यावा, चेकबुक व कार्ड परत करावे, आणि अर्जाच्या प्रतीवर शाखेचा शिक्का व तारीख घ्यावी. तोंडी सांगण्याला पुढे किंमत राहत नाही.

बँकेने तक्रार फेटाळली, अपुरे उत्तर दिले किंवा 30 दिवसांत दिलेच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणे मात्र आवश्यक. वकील लागत नाही. महाराष्ट्रात एक भेद ध्यानात ठेवावा लागतो: 2021 च्या योजनेत 50 कोटी रुपये वा अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका येतात, पण गल्लोगल्लीच्या पतसंस्था येत नाहीत. त्यांच्याविरुद्धची तक्रार सहकार निबंधकांच्या कार्यालयात करावी लागते.